चार-पाच दिवसांच्या सुट्टीत स्कूबा डायव्हिंग: आखणी परतीच्या विमानापासून सुरू करा

समुद्रकिनारी चार-पाच दिवस हाताशी आहेत आणि त्यातच पाण्याखालीही जायचं आहे, अशी पुष्कळांची इच्छा असते. मग विमानाचं तिकीट निघतं, मुक्काम ठरतो, आणि डायव्हिंगचं ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणून राहून जातं. इथेच घोटाळा होतो. डायव्हिंगचं वेळापत्रक तुमच्या हौसेवर ठरत नाही. ते दोन गोष्टींवर ठरतं: शरीरात साठणारा नायट्रोजन आणि तुमचे कान. दोघांनाही घाई चालत नाही. म्हणून तिकीट काढण्याआधीच हा लेख वाचा. पाच दिवसांत आरामात चार-सहा डाइव्ह होतात, पण त्यासाठी क्रम नीट लावावा लागतो.

१. परतीच्या विमानापासून मागे मोजा

पाण्याखाली दाब वाढला की श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळू लागतो. वर आल्यावर तो हळूहळू फुफ्फुसांवाटे निघून जातो, पण त्याला बरेच तास लागतात. विमान उंचावर गेलं की केबिनमधला हवेचा दाब जमिनीवरच्यापेक्षा बराच कमी होतो, आणि अंगात उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा धोका वाढतो. सांधेदुखीपासून पाय लुळे पडण्यापर्यंत काहीही त्यातून होऊ शकतं.

डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, म्हणजे ‘डॅन’ या संस्थेची शिफारस सरळ आहे:

- एकच साधी डाइव्ह केली असेल तर विमानाआधी किमान १२ तास.
- दिवसात एकाहून जास्त डाइव्ह किंवा सलग काही दिवस डायव्हिंग केलं असेल तर किमान १८ तास.
- वर येताना सक्तीचे डीकॉम्प्रेशन थांबे (नायट्रोजन निघून जावा म्हणून मध्येच थांबणं) घ्यावे लागले असतील तर १८ तासांहून बरंच जास्त. (नवख्याने अशी डाइव्ह करूच नये.)

हे किमान आकडे आहेत. सुट्टीत आपण जवळपास नेहमीच दुसऱ्या प्रकारात मोडतो. त्यामुळे २४ तास धरून चालणं उत्तम.

आता हेच तिकिटाला लावून बघा. परतीचं विमान पाचव्या दिवशी सकाळी ७ वाजता असेल, तर १८ तासांच्या हिशेबाने चौथ्या दिवशी दुपारी १ वाजता तुम्ही पाण्याबाहेर हवेत. बोट उशिरा सुटली की हे गणित कोलमडतं. २४ तास धरले तर चौथा दिवस जवळपास गेलाच. तेच विमान पाचव्या दिवशी संध्याकाळी ६ चं असेल, तर चौथ्या दिवशी सकाळच्या दोन डाइव्ह निवांत करून दुपारी बाहेर आलात तरी २४ तासांहून जास्त वेळ मिळतो. तिकीट बदलल्याने डायव्हिंगचा एक अख्खा दिवस पदरात पडतो. एवढा फायदा दुसऱ्या कुठल्याच युक्तीने होत नाही.

एक सापळा बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. परतीचा प्रवास गाडीने असला आणि रस्ता डोंगरावरून जात असला, तरी हाच नियम लागू होतो. साधारण ६०० मीटरच्या वर चढणार असाल तर तेवढेच तास थांबा. शेवटच्या दिवशी उंच डोंगरावरचं ठिकाण बघायचं असेल तर ते पहिल्या दिवशी उरकून घ्या.

उलट बाजूने, म्हणजे विमानातून उतरून डाइव्ह करण्यात नायट्रोजनची अडचण नसते. तरीही पोहोचल्या दिवशी पाण्यात उतरू नका. झोप झालेली नसते, विमानात अंगातलं पाणी कमी झालेलं असतं आणि कानाला बसलेले दडे पुरते सुटलेले नसतात.

२. आपण कोणत्या गटात बसतो ते ठरवा

आधी कधीच केलेलं नाही, एकदा अनुभव घ्यायचा आहे. याला ट्राय डाइव्ह किंवा डिस्कव्हर स्कूबा म्हणतात. अर्धा दिवस पुरतो. थोडी माहिती, उथळ पाण्यात सराव, मग प्रशिक्षकाबरोबर जास्तीत जास्त १२ मीटर. पॅडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या नियमानुसार किमान वय १० वर्षं. हे प्रमाणपत्र नव्हे, पुढच्या वेळी पुन्हा प्रशिक्षक लागतोच.

प्रमाणपत्र घ्यायचं आहे. ओपन वॉटर हा पहिला पूर्ण कोर्स. पॅडी, एसएसआय, नौई, सीमास अशा संस्था तो देतात आणि एका संस्थेचं कार्ड दुसरीकडे सहसा चालतं. थिअरी, उथळ पाण्यातला सराव आणि समुद्रात चार डाइव्ह मिळून तीन ते चार दिवस जातात. पोहण्याची चाचणीही असते: पॅडीमध्ये न थांबता २०० मीटर पोहणं, किंवा मास्क, फिन्स (पायात घालायचे वल्ह्यासारखे पंख) आणि स्नॉर्कल (श्वासाची नळी) लावून ३०० मीटर, आणि आधाराशिवाय १० मिनिटं पाण्यावर तरंगणं. वेग तपासत नाहीत. या कार्डावर १८ मीटरपर्यंत जाता येतं. १० आणि ११ वर्षांच्या मुलांना १२ मीटरची मर्यादा असते आणि सोबत पालक किंवा व्यावसायिक डायव्हर लागतो.

सुट्टी चार दिवसांची आणि कोर्सही हवा. यावर उपाय आहे आणि तो फार थोडे लोक वापरतात. थिअरी घरी ऑनलाइन करा, तरणतलावातला सराव आपल्याच गावच्या केंद्रात पुरा करा, आणि समुद्रातल्या चार डाइव्ह तेवढ्या सुट्टीत करा. याला रेफरल म्हणतात. पॅडीचं रेफरल शेवटचा टप्पा पूर्ण झाल्यापासून १२ महिने चालतं. सुट्टीतले दोन दिवस वर्गात आणि तलावात घालवण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं. मात्र दोन्ही केंद्रं एकाच संस्थेची आहेत ना आणि पुढचं केंद्र रेफरल स्वीकारतं ना, हे आधी ईमेलवर विचारून घ्या.

कार्ड आहे, पण वर्ष-दोन वर्षं पाण्यात उतरलेलो नाही. डायव्हिंगच्या पहिल्याच दिवशी रिफ्रेशर, म्हणजे उजळणी, घ्या. मास्कमध्ये शिरलेलं पाणी काढणं, निसटलेला रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडात देणारं उपकरण) शोधून तोंडात घेणं, पाण्यात एका पातळीवर स्थिर राहणं, हे हातात पुन्हा बसायला तास-दीड तास लागतो. तो वाचवायला गेलात तर पुढच्या दोन डाइव्ह धडपडण्यातच जातात.

३. वैद्यकीय प्रश्नावली घरी भरा, बोटीवर नाही

बहुतेक संस्था एकच प्रमाणित प्रश्नावली वापरतात. तिच्यात दहा मुख्य प्रश्न असतात आणि काहींना ‘होय’ म्हटलं की पुढचे उपप्रश्न येतात. दमा, फुफ्फुसाचा कोणताही आजार, हृदयविकार, फिट येणं, मधुमेह, कानाची किंवा सायनसची शस्त्रक्रिया, वयाची ४५ ओलांडलेली असणं, चालू असलेली औषधं असं सगळं त्यात येतं. ठरावीक उत्तरं ‘होय’ आली तर डॉक्टरांची सही लागते, आणि ती नसेल तर नीट चालवलेलं केंद्र तुम्हाला पाण्यात उतरवत नाही.

सुट्टीच्या गावी डॉक्टर शोधण्यात एक दिवस सहज जातो. म्हणून निघण्याआधी तीन-चार आठवडे फॉर्म डाउनलोड करून वाचा, गरज असेल तर डॉक्टरांकडे जा. सहीची मुदत साधारण एक वर्ष असते.

खोटं ‘नाही’ लिहू नका. हा फॉर्म केंद्राच्या सोयीसाठी आहे असा समज पसरलेला आहे, आणि तो घातक आहे. दम्यात फुफ्फुसाच्या एखाद्या भागात हवा अडकून राहू शकते. वर येताना ती फुगते आणि बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर फुफ्फुस फाटतं. गरोदरपणात स्कूबा पूर्ण बंद.

४. तारखा ठरवताना चंद्र बघा

हंगाम कोणता, वारा कधी असतो, पाणी कधी गढूळ असतं, हे स्थानिक केंद्राला विचारा. ज्या महिन्यात केंद्रं स्वतःच बंद असतात त्या महिन्यात ‘आम्ही नेतो’ म्हणणाऱ्याबरोबर जाऊ नका.

भरती-ओहोटीचा विचार मात्र स्वतः करता येतो. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते. पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं आणि प्रवाह जोरात वाहतात. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे पाण्याची हालचाल कमी. जिथे भरती-ओहोटीचा फरक मोठा असतो तिथे नवख्याला भांगाचे दिवस जास्त सोयीचे: प्रवाह मंद आणि तळाचा गाळ कमी ढवळलेला. तारखा दोन-चार दिवस मागेपुढे करता येत असतील तर कॅलेंडरात एवढं जरूर बघा. दिवसाच्या आतही, भरती पूर्ण होऊन पाणी थांबतं तो थोडा वेळ बहुतेक ठिकाणी सर्वात शांत आणि स्वच्छ असतो. बोटीची वेळ दररोज बदलताना दिसली तर त्यामागे सहसा हेच कारण असतं.

५. केंद्राला विचारायचे प्रश्न

स्वस्त की महाग हा पहिला प्रश्न नको. हे विचारा:

- एका प्रशिक्षकामागे किती जण? ट्राय डाइव्हला समुद्रात चारच्या वर नसावेत. दोन असले तर फार उत्तम.
- बोटीवर ऑक्सिजनचा संच आहे का? कुठे आहे? (दाखवायला सांगा. असेल तर लगेच दाखवतात.)
- सर्वात जवळचं रीकॉम्प्रेशन चेंबर (नायट्रोजनच्या बुडबुड्यांवर दाब देऊन उपचार करायची बंद खोली) कुठे आहे आणि तिथे पोहोचायला किती वेळ लागतो?
- आपण पाण्याखाली असताना बोटीवर कोण थांबतं?
- हवामान बिघडलं तर डाइव्ह पुढे ढकलता का, पैसे परत मिळतात का?
- दरात काय काय धरलं आहे: उपकरणं, बोट, फोटो, संरक्षित क्षेत्राची फी?

उत्तर टाळलं, हसण्यावारी नेलं, किंवा वैद्यकीय फॉर्म न देताच ‘चला, बोट सुटतेय’ म्हटलं, तर तिथून निघा. आगाऊ दिलेले पैसे बुडाले तरी चालतील.

दुसरा सापळा विम्याचा. बऱ्याच प्रवास विम्यांत स्कूबा वगळलेलं असतं, किंवा ठरावीक खोलीपर्यंतच आणि कार्ड असेल तरच धरलेलं असतं. पॉलिसीच्या अपवादांच्या यादीत ते शोधा. चेंबरमधले उपचार आणि तिथवर हलवण्याचा खर्च फार मोठा असतो. त्यासाठी डायव्हिंगचा स्वतंत्र विमा मिळतो.

६. सोबत काय न्यायचं

कागद:
- ओळखपत्र आणि प्रमाणपत्राचं कार्ड (फोनमधलं चालतं, पण त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, बोटीवर रेंज नसते)
- लॉगबुक (केलेल्या डाइव्हची नोंदवही)
- भरलेली वैद्यकीय प्रश्नावली, लागल्यास डॉक्टरांची सही
- रेफरलची कागदपत्रं
- विम्याचा क्रमांक आणि आपत्कालीन फोन नंबर, कागदावर लिहिलेले

उपकरणांपैकी सिलिंडर, रेग्युलेटर, बीसीडी (हवा भरून-सोडून तरंगणं सांभाळणारं जाकीट), वजनं आणि फिन्स भाड्याने घ्या. एकच गोष्ट स्वतःची असावी असं सांगायचं तर ती मास्क. चेहऱ्याला न बसणारा मास्क अख्खी डाइव्ह खराब करतो. घेताना पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास आत ओढा आणि हात सोडा. तो चिकटून राहिला तर बसतो, घसरला तर नाही. केसाची एक बट आत अडकली तरी पाणी झिरपतं. दाट मिशी असेल तर नाकाखालची वरची कड थोडी कातरावी लागते.

नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो, त्यामुळे ती सारखी धुरकटते. साध्या पांढऱ्या टूथपेस्टने काच आतून दोन-तीनदा घासून धुवा. त्यानंतर दर वेळी उतरण्याआधी आत थुंकी चोळून पाण्याने हलकं विसळलं की पुरतं.

चष्मा असेल तर नंबरची काच बसवलेला मास्क मिळतो, केंद्राला आधी नंबर कळवा. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स चालतात, फक्त मास्कमध्ये पाणी शिरल्यावर डोळे मिटून घ्यायचे.

वेटसूटची जाडी पाण्याच्या तापमानावर ठरते. ढोबळमानाने २५ अंशांच्या वर ३ मिलिमीटर, २० ते २५ ला ५ मिलिमीटर आणि त्याहून गार पाण्याला ७ मिलिमीटर. पाण्यात अंगाची उष्णता हवेपेक्षा कितीतरी वेगाने जाते, त्यामुळे कोमट वाटणाऱ्या पाण्यातही दुसऱ्या डाइव्हला हुडहुडी भरते. शंका असेल तर जाड सूट घ्या.

७. कान

सुट्टीतल्या डाइव्ह वाया जातात त्या बहुतेक कानांपायी. त्यामुळे इथे थोडं थांबून समजून घ्या.

दर १० मीटरला दाब साधारण १ बारने वाढतो. पृष्ठभागावर तो १ बार असतो, १० मीटरवर २ बार. म्हणजे पहिल्या दहा मीटरमध्येच दाब दुप्पट होतो, पुढच्या दहा मीटरमध्ये केवळ दीडपट. सर्वात मोठा बदल वरच्या थरातच असतो, आणि नेमकं तिथेच नवखा माणूस घाईने खाली जातो.

कानाच्या पडद्यामागची हवा दाबली जाते. नाकामागच्या नळीतून तिथे नवी हवा सरकवली नाही तर पडदा आत ओढला जातो. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, हलकेच हवा सोडण्याचा प्रयत्न करायचा. कानात ‘टक्’ झालं की झालं. काहींना नाक धरून आवंढा गिळल्याने जमतं. घरी आरशासमोर दोन्ही करून बघा.

नियम तीन:

- उतरण्याआधी पृष्ठभागावरच एकदा करा, मग दर अर्ध्या ते एक मीटरला. दुखायची वाट पाहू नका. एक-दीड मीटरचा फरक साचला की नळी दाबाने मिटून जाते आणि मग कितीही जोर लावला तरी उघडत नाही.
- नाही झालं तर जोर लावू नका. अर्धा-एक मीटर वर या, पुन्हा करा, मग खाली. जोराने फुंकल्याने आतल्या कानाला कायमची इजा होऊ शकते.
- पाय खाली, डोकं वर ठेवून दोरीला धरून उतरा. डोकं खाली करून उतरताना कान जास्त त्रास देतात.

सर्दी असेल तर डाइव्ह नाही. चोंदलेलं नाक गोळीने किंवा स्प्रेने तात्पुरतं मोकळं करून उतरणं हा सर्वात जास्त आढळणारा चुकीचा उपाय आहे. औषधाचा असर पाण्याखाली ओसरला तर वर येताना आतली हवा अडकते. खाली जाणं थांबवता येतं, वर येणं थांबवता येत नाही. डाइव्हच्या दिवशी सकाळी नाक चोंदलेलं असेल तर केंद्राला फोन करा आणि तारीख बदला. याचसाठी डाइव्ह सुट्टीच्या सुरुवातीला ठेवा, शेवटी नाही: पुढे ढकलायला एक दिवस शिल्लक राहतो.

८. बोटीवरचा तास

बोट लागण्याची सवय असेल तर गोळी निघण्याच्या किमान तासभर आधी घ्यावी लागते. मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. कोणती घ्यायची ते डॉक्टरांना विचारा, कारण काही गोळ्यांनी झोप येते. आधी घरी एकदा घेऊन बघा. बोटीवर मधोमध किंवा मागच्या बाजूला बसा, नजर क्षितिजावर ठेवा आणि मोबाईल खिशात. रिकाम्या पोटी जाऊ नका, तुडुंब खाऊनही नको. पाणी पीत राहा. आदल्या रात्री दारू नको: अंगातलं पाणी कमी झालेलं असताना डीकॉम्प्रेशनचा, म्हणजे नायट्रोजनच्या बुडबुड्यांचा, त्रास होण्याची शक्यता वाढते असं मानलं जातं.

उतरण्याआधी जोडीदाराने एकमेकांची तपासणी करायची:

- बीसीडीत हवा भरते का, बाहेर सुटते का?
- वजनाचा पट्टा उजव्या हाताने एका झटक्यात सुटतो का?
- सगळी बकलं लागलेली आहेत का, सिलिंडरचा पट्टा घट्ट आहे का?
- हवा: सिलिंडरमधला दाब दाखवणाऱ्या गेजकडे बघत रेग्युलेटरमधून तीन-चार श्वास घ्या. काटा दर श्वासाला खाली झुकून परत येत असेल तर सिलिंडरचा झडप पूर्ण उघडलेला नाही. पृष्ठभागावर नुसत्या श्वासावरून हे कळत नाही, खोल गेल्यावर हवा कमी पडू लागते. हवेला तेलाचा किंवा धुराचा वास आला तर तो सिलिंडर परत करा.
- मास्क, फिन्स, डाइव्ह कॉम्प्युटर (मनगटावर बांधायचा, खोली आणि वेळेचा हिशेब ठेवणारा).

खुणा पुन्हा एकदा ठरवून घ्या. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे ‘छान’ नव्हे, ‘वर चला’. ‘ठीक आहे’साठी अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ. नवख्या माणसाने आनंदाने अंगठा दाखवला आणि प्रशिक्षक त्याला थेट वर घेऊन आला, असं नेहमी घडतं.

९. हवेचा हिशेब

१२ लिटरचा सिलिंडर २०० बारला भरला की त्यात साधारण २,४०० लिटर हवा असते. ५० बार राखीव ठेवून पृष्ठभागावर यायचं, म्हणजे वापरायला १५० बार, १,८०० लिटर.

शांत माणूस पृष्ठभागावर मिनिटाला सुमारे २० लिटर हवा घेतो असं धरा. १५ मीटरवर दाब अडीच बार, म्हणून तिथे २० गुणिले अडीच, ५० लिटर. १,८०० भागिले ५०: ३६ मिनिटं. नवखा माणूस धांदलीत २५ लिटर घेतो. तिथे ६२ लिटर लागतात आणि वेळ २९ मिनिटांवर येतो. तोच माणूस ८ मीटरवर राहिला तर दाब १.८ बार, ४५ लिटर, आणि ४० मिनिटं मिळतात. खोल गेलं की जास्त दिसतं हा समज सोडा. प्रकाश, रंग आणि मासे वरच्या थरातच जास्त असतात. लाल रंग तर पहिल्या काही मीटरांतच फिका पडतो.

हवा जास्त जाण्याचं मुख्य कारण सहसा वजन. पट्ट्यात गरजेपेक्षा शिसं जास्त असलं की माणूस बुडतो, मग बीसीडीत हवा भरतो, मग वर उचलला जातो, मग हवा सोडतो, आणि या सगळ्यात पाय मारत राहतो. तपासणी सोपी आहे: पृष्ठभागावर बीसीडी रिकामं करा, नेहमीसारखा श्वास घेऊन रोखा. पाणी डोळ्यांच्या पातळीवर आलं पाहिजे आणि श्वास सोडल्यावर हळूहळू बुडायला हवं. ही तपासणी भरलेल्या सिलिंडरने केली असेल तर सुमारे २ किलो वाढवा, कारण डाइव्हच्या शेवटी वापरलेल्या हवेचं तेवढं वजन कमी झालेलं असतं.

१०० बार झाले की प्रशिक्षकाला दाखवा. तो विचारेपर्यंत थांबू नका.

१०. श्वास आणि वर येणं

पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही. हा स्कूबातला पहिला नियम आहे. खोलावर भरून घेतलेली हवा वर येताना फुगते. फुफ्फुस भरलेलं असताना श्वास रोखून अवघा सव्वा मीटर वर आलं तरी इजा होऊ शकते, त्यामुळे तरणतलावातही हा नियम लागू आहे. रेग्युलेटर तोंडातून निसटला तर बारीक बुडबुडे सोडत राहा.

वर येण्याचा वेग मिनिटाला ९ मीटरच्या वर नको. स्वतःचे सर्वात लहान बुडबुडे आपल्या पुढे जाऊ द्यायचे. ५ मीटरवर ३ मिनिटं सेफ्टी स्टॉप, म्हणजे खबरदारीचा थांबा. वर येताना बीसीडीतली हवाही फुगते, म्हणून ती थोडी थोडी सोडत यावं लागतं. एक हात बीसीडीतली हवा सोडण्याच्या बटणावर ठेवा. जोडीदार दिसेनासा झाला तर एक मिनिट आजूबाजूला आणि वर-खाली शोधा, नाही सापडला तर वर या. पृष्ठभागावर भेटायचं, हे आधीच ठरलेलं हवं.

११. एका दिवसात किती

नवख्याला दिवसाला दोन पुरेत, दोन्ही सकाळी, मध्ये किमान तासभर विश्रांती. जास्त खोल डाइव्ह आधी, उथळ नंतर. डीकॉम्प्रेशन थांबे लागू नयेत म्हणून पॅडीच्या तक्त्यात १८ मीटरवर पहिल्या डाइव्हला ५६ मिनिटांची मर्यादा आहे आणि ३० मीटरवर फक्त २०. दुसऱ्या डाइव्हला अंगात आधीचा नायट्रोजन उरलेला असतो, म्हणून मर्यादा आणखी कमी होते. हे सगळं डाइव्ह कॉम्प्युटर मोजतो, पण तो मनगटावर बांधलेल्या माणसाचंच मोजतो. दोघांत एक कॉम्प्युटर वापरू नका, आणि आज सकाळी घातलेला दुपारी बदलू नका.

पाच दिवसांसाठी एक साधा आराखडा:

- पहिला दिवस: पोहोचणं, केंद्रात जाऊन कागद आणि उपकरणांची मापं, लवकर झोप.
- दुसरा: उथळ डाइव्ह किंवा रिफ्रेशर, ८ ते १२ मीटर.
- तिसरा: दोन डाइव्ह.
- चौथा: दोन डाइव्ह, दुपारपर्यंत बाहेर. दुसरा किंवा तिसरा दिवस हवामानाने गेला तर त्यातलं जे राहिलं ते इथे.
- पाचवा: पाण्यात उतरायचं नाही. किनारा, फेरफटका, संध्याकाळचं विमान.

डाइव्हनंतर लगेच जोराचा व्यायाम नको, गरम पाण्याच्या टबात बसणं नको, आणि श्वास रोखून खोल बुड्या मारत स्नॉर्कलिंग करणंही नको.

१२. नंतर काही वाटलं तर

सांध्यात खोलवर दुखणं, मुंग्या, बधिरपणा, चक्कर, अंगावर खाजरे चट्टे, श्रमाच्या मानाने फार जास्त थकवा, लघवीला त्रास. यातलं काहीही डाइव्हनंतर २४ तासांत झालं तर ते डायव्हिंगमुळे आहे असंच धरा. बहुतेकांना ते पहिल्या काही तासांतच जाणवतं. लोक ‘वजन उचलल्याने दुखतंय’ म्हणून झोपून जातात आणि उपचाराचे मोलाचे तास हातचे जातात.

करायचं ते असं: माणसाला आडवं झोपवा, शुद्ध ऑक्सिजन सुरू करा, केंद्राला आणि विम्याच्या आपत्कालीन क्रमांकाला फोन करा, चेंबर असलेल्या रुग्णालयात न्या. डाइव्ह किती खोल, किती वेळ, किती वाजता संपली, हे कागदावर लिहून सोबत द्या आणि कॉम्प्युटरही द्या. ऑक्सिजनने बरं वाटलं तरी डॉक्टरांना दाखवणं रद्द करू नका, आणि पुन्हा पाण्यात उतरवून ‘दाब देऊन बघू’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

१३. लॉगबुक

प्रत्येक डाइव्ह त्याच संध्याकाळी लिहा: जागा, खोली, मिनिटं, सुरुवातीचे आणि शेवटचे बार, पाण्याचं तापमान, वेटसूटची जाडी आणि किती किलो वजन लावलं. पुढच्या वेळी सर्वात उपयोगी पडतो तो शेवटचा आकडा. सूटची जाडी आणि सिलिंडरचा प्रकार त्याच्या शेजारीच लिहा, कारण ते बदलले की किलोही बदलतात. निघण्याआधी केंद्राचा शिक्का आणि प्रशिक्षकाची सही घ्या. पुढच्या ठिकाणी तुमचा अनुभव किती आहे हे ठरवताना हीच वही उघडून बघतात.